दिव्याच्या बाईचा शेवट

मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला आणि आठवडा होतो न होतो तोच तिने मला कामाला लावलं. "आता मले सगळं साफ दिसते," ती म्हणाली. "ते दिव्याच्या बाईचं पुस्तक आनून दे. शेवट मी माह्या डोयानं वाचतो."

दिव्याची बाई आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. मेडशीच्या पुढे फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. माय लग्न होऊन तिथे आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. उन्हाळ्यात पेरणीच्या बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम निघायचं. मालक पोती आणून टाकायचे आणि आमच्या वस्तीतल्या बाया लिंबाखाली बसून फोडायच्या. गावच्या शाळेत तेव्हा एक तरुण मास्तरीणबाई होत्या, परगावच्या, वस्तीला लागूनच खोली घेऊन राहायच्या. उन्हाळ्यात सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी त्या मोकळ्या. त्या वाशीमच्या वाचनालयातून पुस्तकं आणायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी एक जाड पुस्तक लिंबाखाली बसून या बायांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. शेंगा आणि पुस्तक एकाच दुपारी संपलं, असं माय सांगते. मग बाई सुट्टीला आपल्या गावी गेल्या, त्यांची बदली झाली आणि त्या परत आल्याच नाहीत. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी जन्मले.

गोष्ट मला पाठ आहे. समुद्राच्या काठी एक उंच दिवा असतो, बोटींना वाट दाखवणारा. बाईचा बाप तो दिवा लावायच्या नोकरीवर असतो. बाईचं लग्न होतं, नवरा बोटीवर जातो तो परतच येत नाही, सासरचे तिला पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढतात. ती बापाकडे येऊन राहते, नवऱ्याच्या नावाने दूरदूरच्या बंदरांना पत्रं लिहिते, उत्तर काही येत नाही. मग बाप मरतो. दिव्याच्या पायऱ्यांशी ती एकटी उभी, समोर पत्र्याची पेटी. आणि इथे मायचा आवाज नेहमी बदलायचा. "तिनं पेटी उचलली आन् यस्टीत बसली." एसटी फाट्यावर थांबते. बाई तुरीच्या वावरातून चालत सासरच्या विहिरीवर येते, कडेवर पोरगी. म्हातारी सासू तिला ओळखत नाही, प्यायला पाणी मागते. बाई पाणी शेंदून देते. सासू विचारते, कोणाची वं तू? तेव्हा बाई म्हणते, "मी काही मागाले नाई आली. एवढंच सांगाले आली, का माह्या पोरीले कोनी वाचून दाखवाव लागनार नाई. ते सोता वाचन."

लहानपणी मी भांडकुदळ होते, अजूनही आहे, आणि गोष्टीतल्या भानगडी मला दिसायच्या. समुद्रापासून थेट आपल्या फाट्यापर्यंत एकच एसटी कशी? पोरगी कुठून आली? माय म्हणायची, "झाली असंल मधात." आणि फारच छळलं तर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "पुस्तकात लिवलं हाये."

हे उत्तर ती नुसतं मला देत नव्हती. सातवी झाल्यावर बाबांनी मला वीटभट्टीवर सोबत न्यायचं ठरवलं, तेव्हा मायने त्यांना हेच ऐकवलं, पोरगी शिकनार, पुस्तकात लिवलं हाये. दहावीनंतरही हेच. आमच्या वस्तीत छापील अक्षराला मान होता, बाबा तर रस्त्यात पडलेला वर्तमानपत्राचा तुकडाही उचलून कोनाड्यात ठेवायचे. पुस्तकात आहे म्हटल्यावर ते गप्प बसायचे. कोणतं पुस्तक, कुठे आहे, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मी शिकले, रिसोडला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागले, आज पोटापाण्याला बरं आहे, ते सगळं त्या वाक्यावर. बाबा आता नाहीत. मी चौथीत असताना माय विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात बसून वाचायला शिकली. एसटीची पाटी वाचते, पत्रिका वाचते, वर्तमानपत्रातले मथळे वाचते. आख्खं पुस्तक कधी वाचलं नाही. आता तिला तेवढं एक पान वाचायचं होतं.

तर एका सुट्टीच्या दिवशी मी वाशीमला उतरून वाचनालयात गेले. दारातच पूर्वी कार्डांचं लाकडी कपाट असायचं, छोट्या छोट्या खणांचं, मी कॉलेजात असताना पाहिलेलं. ते कपाट होतं, पण खण रिकामे आणि वर प्रिंटर ठेवलेला. ग्रंथपाल पन्नाशीचे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी अभिमानाने सांगितलं की सगळ्या कार्डांचे फोटो काढून आता वेबसाइटवर टाकले आहेत, कोणीही घरबसल्या शोधावं.

"ताई, नाव सांगा पुस्तकाचं."

"नाव माहीत नाही."

"लेखक?"

"तेही नाही. शेवट माहीत आहे." आणि मी त्यांना विहिरीवरचा शेवट सांगायला लागले.

त्यांनी हात वर केला. "शेवटावरून पुस्तक सापडत असतं तर आमाले कपाटच लागलं नसतं." मग मात्र त्यांनी वेबसाइटचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि म्हणाले, "घरी शांत बसून पाहा. इथे नेट चालून नाही राह्यलं."

मी रिसोडला परत येऊन मोबाइलवर बसले. पडद्यावर तीन चौकोन होते, ग्रंथनाम, लेखक आणि विषय. मला वाटलं, आता काय, पाच मिनिटांचं काम. विषयाच्या चौकोनात मी लिहिलं, "सासरी परतलेली स्त्री विहीर मुलगी शिक्षण". काहीच आलं नाही. मग थोडं बदलून लिहिलं, तरी काही नाही. मग रागाने नुसतं "विहीर" लिहिलं, तर विहिरी खोदण्याची, पाणी अडवण्याची आणि पंप दुरुस्तीची पुस्तकं आली. "सासू" टाकलं तर विनोदी नाटकं आली. त्या रविवारी मी त्या वेबसाइटला आणि ती बनवणाऱ्यांना पोटभर नावं ठेवली.

पण चीड उतरल्यावर कुतूहल उरलं. मी शोधणं बंद केलं आणि नुसती कार्डं बघत बसले. एखादं कार्ड उघडलं की त्याचा फोटो यायचा, पिवळट कागद, खाली सळई ओवायचं भोक, जुन्या वळणाचं मोत्यासारखं अक्षर. फोटोच्या बाजूला टाइप केलेला मजकूर होता. तो ताडून पाहिला तेव्हा लक्षात आलं की टाइप करणाऱ्यांनी कार्डावरचं सगळं टाइप केलंच नव्हतं. नाव, लेखक, साल, विषयाचा मथळा, बस. पानं किती, चित्रं आहेत का, प्रत कशी आहे, हे फोटोत दिसत होतं, पण शोधाच्या चौकोनाला ते माहीतच नव्हतं. म्हणजे मी त्या चौकोनाला जे विचारत होते, ते त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. माझी चीड वाया गेली होती.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की कार्ड लिहिणाऱ्या माणसाने पुस्तक वाचलेलं नसतं. तो पहिलं पान बघतो, अनुक्रमणिका चाळतो, ठरलेल्या मथळ्यांपैकी एक मथळा देतो आणि पुढचं पुस्तक हातात घेतो. त्याच्या मथळ्यात "सासरी परतलेली स्त्री" कुठून येणार? त्याच्याकडे "कादंबरी – सामाजिक" आहे, "स्त्री-जीवन" आहे. मला पुस्तक शोधायचं नव्हतं, तर त्या माणसाने त्या पुस्तकाकडे एक नजर टाकून काय लिहिलं असेल, ते शोधायचं होतं. हे कळल्यावर मला मजा यायला लागली. लॅबमधून आले की चहा घेऊन मी कार्डं बघायला बसायची. "स्त्री-जीवन" टाकलं तर इतकी कार्डं आली की बोट दुखलं. पण लांबलचक वाक्याने काहीच येत नाही आणि एका शब्दाने ढीग येतो, तर मधला रस्ता काय, ते हळूहळू उमगलं. आधी एकच शब्द टाकायचा, ढीग येऊ द्यायचा, मग सालाने कापायचा. मास्तरीणबाईंनी ते वाचलं त्या उन्हाळ्यानंतर छापलेली पुस्तकं माझ्या कामाची नव्हती. ती गाळली की ढीग अर्ध्यावर यायचा.

तरी विहिरीवरची बाई काही सापडेना. आमच्या लॅबमध्ये एक रीत आहे. रिपोर्ट पेशंटशी जुळत नसला तर आम्ही मशीनला दोष द्यायच्या आधी नमुना तपासतो. मी मायचा नमुना तपासायचं ठरवलं. पुढच्या रविवारी गावी गेले. माय ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत बसली होती.

"माय, शेवट सोडून दे. बाकीचं सांग."

"काहून? शेवटच तं खरा हाये."

"तो कार्डावर नसतो. मधलं सांग. काही चित्र होतं का पुस्तकात?"

तिने सूप खाली ठेवलं. "होतं ना. मास्तरीनबाईनं सगळ्याहिले दाखवलं होतं. दिवा होता उंच, गोल पायऱ्या, आन् खाली दर्या. म्या तवा दर्या पायलाच नव्हता. मले वाटलं वावरात पानी साचलं." ती हसली. "आन् तथी लोकं कसे बोलत, ते बाई वाचून दाखवे. नाकात बोलल्यावानी. आमी लय हासो."

मी बसमध्ये परत येताना हेच घोळवत होते. नाकात बोलणारी माणसं, समुद्र, दिवा. म्हणजे कोकण. इतकी वर्षं मी दिवा आणि समुद्र हा मायच्या डोक्यातला गोंधळ समजत होते, कुठल्या तरी दुसऱ्या गोष्टीतला इथे येऊन मिसळलेला, आणि तुरीचं वावर आणि एसटी हेच खरं मानत होते, कारण तेच मला ओळखीचं होतं. जे ओळखीचं ते खरं धरून मी महिनाभर शोधलं होतं.

"दीपगृह" टाकलं तर एकच कार्ड आलं, बंदरांच्या बांधकामाचं. पण "कोकण" टाकलं आणि त्याला "कादंबरी" जोडलं तेव्हा बेताचा ढीग आला. सालाने कापला. उरलेली कार्डं एकेक उघडून मी फोटो बघत गेले, कारण मला हवा असलेला शब्द टाइप केलेला नव्हता, तो फोटोतच असणार होता. तो शब्द होता "सचित्र". बहुतेक कार्डांवर तो नव्हता. ज्या थोड्यांवर होता त्यांत एक पुस्तक जाड होतं. नावात दिवा नव्हता, समुद्र नव्हता, बाईही नव्हती. त्या नावावरून मी ते जन्मात शोधलं नसतं. 

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मुख्य कार्ड लेखकाखाली पाहा." मी घाईत होते, ते वाचलं आणि सोडून दिलं.

वाशीमला ग्रंथपालांनी कपाटातून पुस्तक काढून दिलं. निळी कापडी बांधणी, आत पहिल्याच पानासमोर चित्र. उंच दिवा, गोल पायऱ्या, खाली पाणी. साचलेल्या वावरासारखंच दिसत होतं. मी तिथेच उभ्या उभ्या हसले. ग्रंथपाल म्हणाले, "सापडलं म्हणायचं." मी म्हटलं, "तुमच्या वेबसाइटला आता शिव्या देणार नाही."

बसमध्ये मी शेवट उघडला. पायऱ्यांशी पेटी घेऊन उभी असलेली बाई होती. पुढे वाचलं आणि मला काही कळेनाच. "तिने पेटी उचलली आणि पुन्हा खोलीत नेऊन ठेवली." मग तिचा भाऊ येतो, तिला आपल्या घरी नेतो, ती भावजयीच्या स्वयंपाकघरात म्हातारी होते आणि खिडकीतून लांबचा दिवा बघत राहते. संपलं. एसटी नाही, विहीर नाही, सासू नाही, पोरगी तर नाहीच. मी मागून पुढे, पुढून मागे चाळलं. बाकी सगळं जुळत होतं, नाकात बोलणारी माणसं, उत्तर न येणारी पत्रं, पांढऱ्या पायाची म्हणून काढलेली बाई. फक्त मायचा शेवट त्यात नव्हता.  हे तिच्या हातात कसं द्यायचं? दोन दिवस मी पुस्तक पिशवीतच ठेवलं. पण ती फोनवर रोज विचारायची, आणि तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही, ती आवाजावरून ओळखते.

शेवटी दिलं. तिने चष्मा पदराने पुसला, चित्र बराच वेळ पाहिलं, मग थेट शेवटची पानं उघडली. बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्याने वाचत गेली. "तिने... पेटी... उचलली... आणि..." इथे तिचा आवाज नेहमीसारखा चढला, आणि पुढच्या शब्दावर पडला. तिने वाक्य पुन्हा वाचलं. मग शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मी चुलीजवळ उगाच भांडी हलवत होते.

"हे चुकलं हाये," ती म्हणाली. "छापताना चुकलं असंल."

"माय, छापताना आख्खा शेवट कसा चुकेल?"

"मंग हे पुस्तकच दुसरं हाये. ते बाई आशी नव्हती." तिने पुस्तक मिटलं.  मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हंजे तुह्या बापाले म्या जलमभर खोटं सांगतलं?"

 बाबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, याचा मला अंदाज येत नव्हता. मला त्या पुस्तकाचा, त्या लेखकाचा आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही राग आला. काय गरज होती शोधायची?

त्या दिवशी मी गावीच राहिले. संध्याकाळी माय बाहेर शेजारणींशी बोलायला गेली नाही, आत बसून राहिली. मी मोबाइल काढला. नेट येत जात होतं. आणि तळाची ती बारीक ओळ मला आठवली, मुख्य कार्ड लेखकाखाली पाहा. एका पुस्तकाची दोन-तीन कार्डं असतात, एक नावाचं, एक लेखकाचं, एक विषयाचं. मी नावाच्या कार्डावर थांबले होते. माझ्या कामात मी असं कधी करत नाही. लेखकाचं नाव टाकलं आणि मुख्य कार्डाचा फोटो उघडला.

त्यावर दोन प्रतींची नोंद होती. दुसरी प्रत वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने लिहिलेली, शेजारी साल, आणि त्या साली मी शाळेत जायला लागले होते. म्हणजे ग्रंथपालांनी मला दिली ती ही दुसरी प्रत. मास्तरीणबाईंच्या वेळी वाचनालयात पहिलीच प्रत होती. तिच्यापुढे लाल शाईने, पहिल्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं, "पृ. २०८ पुढील पाने आलीच नाहीत. प्रत तशीच ठेवली."

मी मायसमोरचं पुस्तक ओढलं आणि पान २०८ काढलं. ते पान एका अर्ध्या वाक्यावर संपत होतं. "तिने पेटी उचलली आणि".

मला ते कळायला वेळ लागला नाही, पण विश्वास बसायला लागला. मी मायला मोबाइल दाखवला, अक्षर मोठं करून. तिने लाल ओळ दोनदा वाचली.

"म्हंजे मास्तरीनबाईच्या पुस्तकाले शेवटच नव्हता?"

"नव्हता. त्या पेटीपर्यंत आल्या आणि पुढे पानंच नव्हती."

"पन त्याहिनं तं वाचला."

"तूच आठव. वाचला का?"

 ती उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन बसली. मग म्हणाली, "त्या दुपारी पोतं संपाले आलं होतं. बाई वाचता वाचता थांबली. पान उलटवलं, आन् थांबली. मंग तिनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. मले वाटलं, तहान लागली असंल." ती अडखळत बोलत होती, जणू आत्ता बघत होती. "ते म्हने, 'तुम्हांला काय वाटतं, हिने आता कुठे जावं?' आमी हासलो. आमाले कोन इचारते? मंग धोब्याच्या घराजवळची म्हातारी म्हने, यस्टीत बसून सासरीच जावं, तोंड दाखवावं त्याहिले. एक जन म्हने, सासूनं हिच्यापाशी पानी मांगलं पायजे. तिची सासू लय खाष्ट होती. तं सगळ्या बाया बोलाले लागल्या. आन् बाई ऐकून राह्यली. मंग तिनं पुस्तक उचललं आन् वाचाले लागली. यस्टी, वावर, हीर, सगळं. आमाले वाटलं, पाय बाप्पा, आपन म्हटलं तसंच लिवलं हाये पुस्तकात."

मला त्या मास्तरीणबाई दिसायला लागल्या. माझ्यापेक्षा कितीतरी लहान असतील तेव्हा. समोर शेंगांची टरफलं, डझनभर बायांची तोंडं, आणि हातात अर्ध्या वाक्यावर तुटलेलं पुस्तक. त्या म्हणू शकल्या असत्या, पानं फाटली आहेत, पुढचं माहीत नाही. त्यांनी तसं केलं नाही. त्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत वाचत राहिल्या. त्यांचं नावही मला माहीत नाही, आणि ते कोणत्या कार्डावर शोधायचं तेही माहीत नाही.

"आणि ते, पोरीचं?" मी विचारलं. "कोणी वाचून दाखवावं लागणार नाही, ते?"

हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. पुस्तकातली बाई दिव्यावाल्याची शिकलेली मुलगी. ती पत्रं लिहायची, वाचायची. तिला कोणी कशाला वाचून दाखवायचं? ते वाक्य तिचं असूच शकत नव्हतं. ते दुसऱ्याने वाचलेलं ऐकत शेंगा फोडत बसलेल्या कोणाचं तरी होतं. इतकी वर्षं मी ते ऐकलं आणि एकदाही हे माझ्या ध्यानात आलं नाही.

माय माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत नव्या चष्म्यामागून पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही.

"सगळ्या बोलल्या, मी बोलली नाई," ती म्हणाली. "मी नवी होती, आन् तू पोटात होती. मंग बाईनं मलेच इचारलं, 'तू सांग, तुला काय वाटतं?' मले शरम आली. पन मले येकच वाटून राह्यलं होतं, का बाई गावी जाईन आन् मंग आमाले कोन वाचून दाखवन." ती थांबली. "ते म्याच म्हटलं होतं."

मी तिच्याजवळ सरकून बसले.  मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"देऊन टाक त्याहिचं त्याहिले," ती म्हणाली. "म्या तुह्या बापाले खोटं नाई सांगतलं. लिवलेलं नव्हतं, एवढंच."